कुरोझूची बाटली: औषधांच्या डब्यात की मसाल्यांच्या फडताळात?

पत्र: सप्रेम नमस्कार. माझे वय 57 असून मी साताऱ्यात राहते. सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे. मी सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी घेते, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व लघवीचे औषध एकत्र असलेली एक गोळी घेते. माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये फुकुओका येथे असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने ‘कुरोझू’ नावाच्या काळ्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणल्या. एक साधी आणि दुसरी ब्लूबेरीच्या स्वादाची. तिकडे वयस्कर माणसे हे रोज पितात, याने साखर आणि वजन दोन्ही उतरते, असे तो सांगतो. पहिल्या दिवशी मी चमचाभर तसेच घेतले, तर घशापासून छातीपर्यंत आगीची रेघ ओढल्यासारखे झाले. मग सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यातून घेऊ लागले. पंधरा दिवसांत उपाशीपोटीची साखर 138 वरून 129 वर आली, म्हणून हुरूप आला. पण सकाळभर आंबट ढेकर येऊ लागले आणि दात सतत आंबल्यासारखे वाटू लागले. शेजारच्या वहिनी म्हणतात, आता एक वेळची गोळी बंद करून पाहा. मी मात्र गेले चार दिवस व्हिनेगरच बंद केले आहे. मुलगा रोज फोनवर ‘आई, घेतलंस ना?’ असे विचारतो आणि मी ‘हो’ म्हणते. हे औषध आहे की नुसते खूळ? घ्यायचे तर किती, कसे आणि केव्हा? आणि मुलाला काय सांगू?

ताई, सप्रेम नमस्कार.

वहिनींच्या सल्ल्याचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे सावकाश बोलता येईल, हे नाही. मेटफॉर्मिनची एकही गोळी व्हिनेगरच्या भरवशावर बंद करू नका. गोळी कमी करायची की वाढवायची हे तुमचे डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी पाहून ठरवतील. सकाळच्या एका आकड्यावरून ते ठरत नाही. तुम्ही ज्या उतारावर हुरळलात तो नीट पाहू. घरच्या ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार साखर 100 च्या वर असताना यंत्राचे वाचन प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा 15 टक्के वर किंवा खाली गेले तरी ते यंत्र चालण्याजोगे मानले जाते. खरी साखर 135 असेल तर यंत्र एके दिवशी 138 दाखवेल, दुसऱ्या दिवशी 129 दाखवेल, आणि दोन्ही दिवशी ते आपले काम चोखच करत असेल. त्यातच आदल्या रात्री पोळी एक कमी खाल्ली, झोप बरी लागली, बोट धुऊन नीट पुसले, एवढ्यानेही नऊ-दहा अंकांचा फरक पडतो. तेव्हा त्या नऊ अंकांचे श्रेय कुरोझूला देण्याची घाई नको.

आता ही बाटली मुळात आहे तरी काय, ते पाहू, कारण ते समजले की पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. जपानच्या दक्षिण टोकाला क्यूशू बेटावर कागोशिमा प्रांत आहे. तुमचा मुलगा राहतो ते फुकुओका याच बेटाच्या उत्तर भागात आहे. कागोशिमाच्या आखाताकाठी, साकुराजिमा या जागत्या ज्वालामुखीच्या समोर, फुकुयामा नावाचे गाव आहे. तेथे सुमारे दोनशे वर्षांपासून मातीच्या रांजणांत हे व्हिनेगर बनवतात. प्रत्येक रांजण साधारण 54 लिटरचा, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असतो, आणि असे हजारो रांजण उघड्या माळावर ओळीने मांडलेले असतात. त्या माळाला तेथील लोक ‘रांजणांचे शेत’ अशा अर्थाच्या शब्दानेच ओळखतात. रांजणात वाफवलेला तांदूळ, कोजी नावाची बुरशी चढवलेला तांदूळ आणि पाणी घालतात, आणि शेवटी थोडी कोरडी कोजी वरून हलक्या हाताने अशी भुरभुरतात की ती बुडता कामा नये. तिचा पृष्ठभागावर थर बसतो आणि तोच झाकणाचे काम करतो. त्या एकाच भांड्यात आधी पिठाची साखर होते, मग साखरेचे मद्य होते, मग वरचा थर खाली बसतो आणि मद्याचे आम्ल होऊ लागते. जागा न बदलता, वेगळी यंत्रे न लावता, उन्हाच्या उबेवर हे सारे घडते. त्यानंतर ते वर्षभर, कधी दोन-तीन वर्षे, तसेच मुरत ठेवतात. आपण लोणच्याच्या बरणीविषयी ‘मुरले’ म्हणतो ना, अगदी त्याच अर्थाने. तांदळातील अमिनो आम्ले आणि साखर यांची मुरताना एकमेकांशी जी प्रक्रिया होते तिच्यामुळे रंग मधासारख्या पिवळ्यापासून काळसर तपकिरीपर्यंत जातो, आणि म्हणून त्याला ‘काळे व्हिनेगर’ म्हणतात. जपान सरकारने 2015 च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा ज्या सात पदार्थांना भौगोलिक मानांकन दिले, त्यांत कोबेच्या गोमांसाच्या आणि युबारीच्या खरबुजाच्या जोडीला कागोशिमाचे हे रांजणातले कुरोझूही होते. (बाजारात मिळणारे सगळेच कुरोझू मात्र रांजणातले नसते, कारखान्यात टाकीत केलेलेही पुष्कळ असते.)

एवढे लांबण लावले ते कौतुकापुरते नाही. हा पदार्थ खोटा नाही, फसवणुकीचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या कारागिरीचा आहे. पण तो मूळचा स्वयंपाकघरातला आहे. माझे आजोळ गोव्यात पेडण्याजवळ. शेजारच्या ख्रिस्ती घरात रेंदेराकडून, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याकडून, आणलेली माडाची सूर बरणीत ठेवून तिचे व्हिनेगर करीत, आणि त्या काळपट बरणीचे तोंड उघडले की आमच्या ओसरीपर्यंत वास येई. ते व्हिनेगर मासळीच्या लोणच्यात पडे, विंदालूत पडे, सणाच्या सॉरपोटेलमध्ये पडे. सकाळी अनशापोटी ते चमच्याने पिताना मी तरी कोणाला पाहिले नाही.

अर्थात व्हिनेगर पिण्याची कल्पना नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. रोमन सैनिक आंबलेल्या द्राक्षरसाचे व्हिनेगर पाण्यात मिसळून पीत, प्राचीन ग्रीक वैद्य मध आणि व्हिनेगर एकत्र शिजवून देत, आणि इराणमध्ये मध किंवा साखर, व्हिनेगर आणि पुदिना यांचे ‘सिकंजबीन’ आजही उन्हाळ्यात पितात व त्यात लेट्यूसची पाने बुडवून खातात. युनानी वैद्यकातून ते आपल्याकडे आले, आणि उत्तर भारतात लिंबाच्या सरबताला जे ‘शिकंजी’ म्हणतात ते नाव त्याच शब्दातून निघाले आहे. व्हिनेगर गळाले, नाव राहिले. आपल्या आयुर्वेदातही कांजी आणि शुक्त ही आंबवलेली द्रव्ये आहेतच. या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते: पाणी भरपूर, आम्ल थोडे, आणि वेळ श्रमाची, उन्हाची किंवा जेवणाची. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी जळजळीत घोट घेण्याची शिकवण फार अलीकडची आहे.

आता साखरेचा प्रश्न. तुमच्या मुलाने सांगितले त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारला तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. कोणत्याही व्हिनेगरमधील मुख्य घटक म्हणजे ॲसेटिक आम्ल. ते जेवणाबरोबर पोटात गेले की पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या आतड्यातील काही विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, कामही थोडे ढिले पडते. त्यामुळे भात, पाव, बटाटा असे पिष्टमय जेवण झाल्यावर रक्तातील साखर जी एकदम उसळी घेते, ती काहीशी बोथट होते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात 2004 मध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत पाव आणि फळांचा रस अशा न्याहारीआधी 20 ग्रॅम सफरचंदाचे व्हिनेगर पाण्यातून दिले, तेव्हा इन्शुलिनला दाद न देणाऱ्या व्यक्तींमध्ये जेवणानंतरची इन्शुलिन-संवेदनशीलता, म्हणजे इन्शुलिनला शरीराने दिलेली दाद, 34 टक्क्यांनी सुधारलेली दिसली. मधुमेह असलेल्यांमध्ये ती सुधारणा 19 टक्केच होती. चाचणीतील माणसे मूठभर होती आणि मोजमाप एकेका जेवणापुरते होते, हे विसरू नका. शिवाय हा गुण ॲसेटिक आम्लाचा आहे. कुरोझूचा, सफरचंदाच्या व्हिनेगरचा की पेडण्याच्या बरणीचा, याने त्यात फारसे बिघडत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो जेवणाबरोबर घेतला तर उपयोगाचा आहे. सकाळी सहाला व्हिनेगर आणि साडेआठला पोहे, असा क्रम ठेवला तर जळजळ तुमच्या वाट्याला पूर्ण येते आणि फायदा जवळजवळ येतच नाही.

कुरोझूच्या जाहिरातीत अमिनो आम्लांचा मोठा गाजावाजा असतो. इतर व्हिनेगरांच्या तुलनेत ती त्यात जास्त असतात हे खरे आहे, कारण जपानी मानकाप्रमाणे तांदळाचे काळे व्हिनेगर म्हणायचे तर एका लिटरमागे किमान 180 ग्रॅम तांदूळ वापरावा लागतो. परंतु तुम्ही पिणार चमचाभर. त्या चमच्यात जेवढी अमिनो आम्ले असतील त्यांच्या कितीतरी पट तुमच्या दुपारच्या वाटीभर वरणात असतात, आणि वरणाने घसा जळत नाही.

वजनाबद्दलही असेच. 2009 साली जपानमध्येच, व्हिनेगर बनवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या संशोधकांनी, स्थूल व्यक्तींना बारा आठवडे रोज 15 किंवा 30 मिलिलिटर व्हिनेगर पेयातून दिले. वजन सरासरी एक ते दोन किलोंनी घटले, आणि पेय थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा वर सरकू लागले. त्याहून मोठा दावा करणारी लेबनॉनमधील एक चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली होती. बारा आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन उतरल्याचे तिच्यात म्हटले होते आणि आपल्याकडच्या मोबाइलवरही ती बातमी पुष्कळ फिरली. ज्या नियतकालिकाने ती छापली त्यानेच सप्टेंबर 2025 मध्ये ती मागे घेतली, कारण तपासणीत तिच्या आकडेवारीचा मेळ बसेना. बातमी फिरली तेवढी माघार फिरली नाही.

दातांविषयी मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण तुमच्या पत्रातील ‘दात आंबल्यासारखे’ हे दोन शब्द मी दोनदा वाचले. बारा-तेरा वर्षांपूर्वी मीही सफरचंदाच्या व्हिनेगरच्या नादी लागले होते. गरम पाण्यात दोन चमचे घालून मी ते पेपर वाचत वाचत, चहासारखे घोटाघोटाने, अर्धा-पाऊण तास पीत असे. चार महिन्यांनी माठातले पाणीही दातांना लागू लागले. दंतवैद्य बाईंनी हातात आरसा दिला आणि समोरच्या दातांची खालची कड दाखवली. ती काचेच्या काठासारखी आरपार दिसत होती. रोज काय पिता, असे त्यांनी विचारले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते, हे आठवले की अजून ओशाळायला होते. गेलेले दाताचे कवच परत येत नाही.

याचे कारण साध्या रसायनशास्त्रात आहे. दातावरचे कवच साधारण 5.5 सामू, म्हणजे पीएच, याच्या खाली विरघळू लागते. व्हिनेगरचा सामू अडीच ते तीनच्या आसपास असतो. आपल्याला वाटते की दहापट पाणी घातले म्हणजे धोका दहापट कमी झाला. पण ॲसेटिक आम्ल हे सौम्य जातीचे आम्ल असल्याने दहापट पाणी घालूनही सामू जेमतेम अर्ध्या अंकाने वर चढतो. घशासाठी आणि अन्ननलिकेसाठी पाणी घालण्याचा उपयोग फार मोठा आहे, दातांसाठी तेवढा नाही. दातांना वाचवतो तो वेळ: पेय तोंडात किती वेळ राहिले आणि दिवसातून किती वेळा आले. म्हणून घोटाघोटाने प्यायचे नाही, तोंडात घोळवायचे नाही, पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, आणि निदान अर्धा-पाऊण तास दात घासायचे नाहीत, कारण आम्लाने मऊ पडलेले कवच ब्रशने आणखी झिजते. तुम्ही उठल्याबरोबर व्हिनेगर घेऊन लगेच दात घासत असाल, तर दोन्ही चुका एकाच वेळी होत होत्या. दातांचे आंबलेपण चार दिवसांच्या विश्रांतीनंतरही गेले नसेल तर दंतवैद्यांकडे जाऊन या आणि व्हिनेगरचे नाव घेऊन सांगा.

घशापासून छातीपर्यंतची ती रेघ आणि सकाळभरचे आंबट ढेकर, यांचे कारण शोधायला लांब जायला नको. जपानी व्हिनेगरमध्ये साधारण सव्वाचार ते साडेचार टक्के आम्ल असते, आणि ते चमच्यातून निव्वळ घेणे म्हणजे अन्ननलिकेच्या नाजूक अस्तराला चटका देणे होय. मेटफॉर्मिननेही काहींना मळमळ, गॅस, पोटात गुडगुड होते. त्यात सकाळच्या रिकाम्या पोटी आम्लाची भर पडली, तर त्रास गोळीचा की व्हिनेगरचा हेच कळेनासे होते, आणि मग माणूस नेमकी गोळीच सोडतो. व्हिनेगर थांबवूनही जळजळ आठवड्याभरात गेली नाही, गिळताना घास अडकू लागला किंवा शौचाला काळे होऊ लागले, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना गाठा. आणखी एक गोष्ट मधुमेह जुना झालेल्या वाचकांसाठीही सांगते. काहींच्या बाबतीत पोटाच्या नसा मंदावून अन्न आधीच तासन्‌तास पोटात रेंगाळते. थोडे खाल्ले तरी पोट गच्च होते, काल रात्रीचे जेवण सकाळी ढेकरेत येते. स्वीडनमध्ये 2007 साली अशा दहा रुग्णांना व्हिनेगर देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे पोट आणखी सावकाश रिकामे होऊ लागले. इन्शुलिन घेणाऱ्या अशा माणसाने व्हिनेगरच्या वाटेला जाऊच नये, कारण इन्शुलिन आपल्या वेळेला काम करते, पण अन्न मागे राहते आणि साखर अचानक खाली जाऊ शकते.

तुमच्या रक्तदाबाच्या गोळीकडे वळते. तिच्यातील लघवीचे औषध शरीरातले पोटॅशियम कमी करण्याकडे झुकते, तर टेल्मिसार्टन ते राखून ठेवण्याकडे झुकते, म्हणून दोन्ही एका गोळीत असली की तराजू बराचसा सावरलेला असतो. मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ व्हिनेगर पिण्याने हा तराजू ढळू शकतो. ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी 1998 मध्ये 28 वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत नोंदवली. ती सहा वर्षे रोज सुमारे 250 मिलिलिटर सफरचंदाचे व्हिनेगर पीत होती, आणि तिच्या रक्तातील पोटॅशियम घटलेले व हाडे ठिसूळ झालेली आढळली. तुमचा चमचा कोठे आणि तिचा पाव लिटर कोठे, हे मला कळते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण तुम्ही हे पेय रोजचे करणार असाल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला आणि पोटॅशियम बघायला सांगा. फक्त लघवीचेच औषध किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

आता दोन्ही बाटल्या हातात घ्या आणि चष्मा लावा. लेबल जपानी आहे, पण मोबाइलचा कॅमेरा त्याचे भाषांतर करून देतो, आणि मुलगा आहेच. ‘सान्दो’ म्हणजे आम्लतेचे प्रमाण. त्यापुढे साडेचार टक्क्यांसारखा आकडा असेल तर ती अस्सल, न पातळ केलेली बाटली. ‘किशाकु’ हा शब्द असेल तर ती पाण्यात मिसळून प्यायची आहे, आणि ‘सुतोरेतो’ असेल तर ती तशीच प्यायची, म्हणजे आधीच पातळ केलेली आहे. घटकांच्या यादीत साध्या बाटलीवर बहुधा तांदळाखेरीज काही नसेल. ब्लूबेरीच्या बाटलीवर मात्र ‘तान्सुइकाबुत्सु’, म्हणजे कर्बोदके, या ओळीपुढचा आकडा पाहा. अशा गोड पेयांत फळांच्या रसाबरोबर साखरेचा पाक, मध किंवा फळशर्करेचे द्रावण असते, आणि साखर उतरावी म्हणून साखरेचेच पेय पिणे हा प्रकार आपल्याकडच्या ‘शुगर फ्री’ मिठाईइतकाच फसवा आहे. ती बाटली पाहुण्यांसाठी ठेवा. आणि संपल्यावर हेच हवे म्हणून येथे चिनी काळे व्हिनेगर आणू नका. ते वेगळे असते, त्यात पुष्कळदा मीठ आणि साखरही घातलेली असते. वाणसामानाच्या दुकानातील स्वस्त पांढऱ्या बाटलीवर तर ‘सिंथेटिक’ असा शब्द छापलेला सापडेल: ते आंबवलेले नसून ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते. बरण्या धुवायला आणि फार तर मिरच्या मुरवायला ते ठीक आहे.

‘किती, कसे, केव्हा’ याचे सर्वसाधारण उत्तर असे, की धडधाकट माणसाने चहाचा एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात घालून जेवणाबरोबर सुरुवात करावी, त्रास नसेल तर दिवसाला फार तर तीन चमचे, म्हणजे 15 मिलिलिटरपर्यंत जावे, आणि रात्री झोपण्यापूर्वी मुळीच घेऊ नये. तुमच्यासाठी मात्र माझे उत्तर वेगळे आहे. छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि आंबलेले दात ही तिन्ही लक्षणे असताना पेय म्हणून कुरोझू तुम्ही घेऊ नये. थांबवलेत ते योग्यच केलेत. महिनाभराने सारे शांत झाले आणि डॉक्टरांची हरकत नसली, तर चहाचा एक चमचा जेवणातल्या पदार्थात घालून खा. काकडीची कोशिंबीर घ्या, तिच्यात लिंबाऐवजी चमचाभर कुरोझू, थोडे दाण्याचे कूट आणि किसलेले आले घाला, वरून तीळ टाका; त्याला एक मुरलेला, किंचित गोडसर आंबटपणा आहे जो लिंबाला नाही. मुळ्याच्या चकत्या त्यात अर्धा तास ठेवल्या तरी छान लागतात. भात-आमटीच्या जेवणात अशी कोशिंबीर आधी खाल्ली, तर आम्ल, चोथा आणि पिष्ट एकाच वेळी पोटात जातात, आणि ज्या चाचण्यांच्या जोरावर हे सारे बोलले जाते त्यांच्या अटी घोटभर व्हिनेगरपेक्षा या ताटात जास्त चांगल्या पाळल्या जातात.

खरोखर फरक पडतो का हे तुम्हाला स्वतः पाहायचे असेल, तर उपाशीपोटीची साखर मोजू नका. दोन भाकऱ्या, तीच भाजी, तेवढेच वरण असे एकसारखे जेवण चार दिवस त्या कोशिंबिरीसह आणि चार दिवस साध्या काकडीसह घ्या, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. गोळ्या आठही दिवस त्याच वेळी. सरासरीत दहा-पंधरा अंकांचा फरक दिसला तरी मी त्याला फार मोठे म्हणणार नाही, पण निदान ती तुमची स्वतःची नोंद असेल, आणि वही डॉक्टरांना दाखवता येईल. तसे पाहिले तर आंबटाची उणीव आपल्या ताटात कधीच नव्हती. ताक आहे, आमसुलाचे सार आहे, लिंबू आहे, नाचणीची आंबील आहे. लिंबाच्या रसानेही पिष्टमय जेवणानंतरची उसळी कमी होते असे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. त्यामुळे बाटली संपली की जपानला निरोप धाडण्याची निकड नाही.

राहिला मुलाचा प्रश्न, आणि मला वाटते, पत्र लिहिताना तुमचे मन सर्वांत जास्त तेथेच अडकले होते. परदेशातला मुलगा आईला रोज ‘घेतलंस ना?’ असे विचारतो तेव्हा त्याला व्हिनेगरच्या चमच्यांचा हिशेब नको असतो. हजारो मैलांवरून आपल्या हाताने आईसाठी काहीतरी होत आहे, एवढी खात्री त्याला हवी असते. तुम्ही ‘हो’ म्हणत राहिलात ते त्याचे मन राखण्यासाठी, हे उघड आहे. पण त्या ‘हो’वर विसंबून तो पुढच्या खेपेला सहा बाटल्या घेऊन येईल, आणि तुमची साखर वाढली तर कारण भलतीकडेच शोधेल. म्हणून या रविवारी त्याला खरे सांगा: प्यायल्याने त्रास झाला, दात आंबले, म्हणून पिणे थांबवले आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, बाटली मात्र वाया गेलेली नाही. मग व्हिडिओवर त्याला कोशिंबिरीची वाटी दाखवा आणि लेबलावरची ‘सान्दो’ची ओळ त्याच्याकडूनच वाचून घ्या. तेथून तुमच्यासाठी काय आणू असे त्याने विचारलेच, तर पचेल आणि आवडेल असे काहीतरी सांगा. तीळ भाजण्याची जाळीदार झाकणाची छोटी कढई जपानमध्ये फार सुरेख मिळते.